दोनदा हॉर्न दिला होता

११ जानेवारी

हो, घेतली. पहिली चालू असताना दुसरी घेतली. तुला विचारून घ्यायची होती का? पप्पा सकाळपासून बोलतायत तेवढं बास आहे. ही वही वाचणारा जो कोण असशील, तू पण सुरू होऊ नको. जुनी विकणार नाहीये. जुनी लांबच्या रस्त्याला, नवी गावात. इलेक्ट्रिक. चेन नाही, बेल्ट.

पप्पा: "पट्ट्यावरची गाडी? गिरणीसारखी? मग येताना दळण पण आण."

शोरूमवाला दहा वेळा म्हणाला, मॅडम ऑइल नाही, चेन ताणायला नको, कटकट नाही. मी एकच विचारलं, आवाज किती? म्हणाला, नाहीच. तिथंच सही केली.

१४ जानेवारी

नाशिक रोडहून पंचवटी. गळ्याला ओढणीचे तीन वेढे, मांजाची भीती. कुंभाच्या नावानं सगळं खोदून ठेवलंय.

जुनीवर बसलं की फक्त जुनी ऐकू येते. सायलेन्सर फुटकाच आहे. हिच्यावर गल्लीतून हळू गेलं की लोक ऐकू येतात. यासाठीच तर घेतली.

आजचं ऐकलेलं:
"देव कुठं पळून चाललाय, आधी चहा सांग"
"तिला म्हणावं, तुझा नवरा तू शोध, माझाच मला"

बस, एवढंच. पुढचं मागे राहिलं. मी लिहितेय ते पुस्तक असंच करायचं, सगळी वाक्यं अर्धी. हॉर्न दिला की लोक गप्प होतात, वळून बघतात. म्हणून देत नाही.

२२ जानेवारी

लिहायचं नाहीये. लिहिते.

सकाळी साडेआठ, भाजीबाजाराच्या मागची गल्ली. दोन बायकांचं भांडण, एक वर गॅलरीत, एक खाली. खालची म्हणत होती, "आई मेली तेव्हा तू कुठं होतीस ते आधी". मी वर बघत होते.

पालेभाजीवाली मावशी मेथीची जुडी झटकत एक पाऊल मागे आली. हँडल तिच्या कमरेत. ती ओट्याच्या कडेवर. मनगटाचा आवाज आला. बारीक होता, पण आला.

गर्दी. एक रिक्षावाला: "हॉर्न द्यायला पैसे पडतात का गं?"

"दिला की! दोनदा दिला!"

हे मी बोलले. विचार न करता, लगेच, मोठ्यानं.

आणि ती खाली बसलेली, हात मांडीत धरून: "वाजला असंल. मलाच नाय आलं ऐकू."

गर्दी माझ्या बाजूची झाली. कोणीतरी मला पाणी दिलं. मला.

२३ जानेवारी

प्लास्टर. पाच आठवडे. नाव कौसाबाई. मुलगा संतोष, टेम्पो चालवतो. मला वाटलं शिव्या घालेल. तो म्हणाला, "ताई, तुम्ही थांबल्या तरी. दुसरा पळाला असता. अन् कंप्लेंट कशाची करायची, हॉर्न दिलेला तुम्ही."

मी मान हलवली.

२ फेब्रुवारी

पेठ रोडला त्यांच्या घरी गेले. जुनी घेऊन. नवी न्यायची हिंमत नाही. द्राक्षं नेली.

सून मनीषा प्रत्येक गोष्ट ओरडून सांगते. "आत्याबाई! ताई आल्यात! ता-ई!"

मावशी: "कोपऱ्यावर वळली तवाच ऐकली म्या हिची गाडी."

मनीषा हसली. "अंदाजानं बोलतात. आता असंच चालायचं."

ती चहा टाकायला गेली तेव्हा मावशी हळूच, "समदी वरडत्यात ओ. डोकं उठतं."

"म्हणजे ऐकू येतंय ना तुम्हाला?"

"घरात येतं. रस्त्याचं नाय येत. तुमचा हार्न नाय आला ना. दोनदा दिला तुम्ही."

स्वतःच्या कानापेक्षा तिचा माझ्यावर विश्वास जास्त. मी द्राक्षं धुवून ठेवली आणि आले.

८ फेब्रु.

गंगापूर रोडला वाचन. नेहमीचेच आठ जण. मी 'बहिरी' वाचलं. हो, लिहिलं तिच्यावर. तिचं वाक्य जसंच्या तसं घेतलं, 'वाजला असंल'. एक जण म्हणाला, न ऐकणं हे तिचं बंड आहे. एकीनं डोळे पुसले. मी थँक्यू म्हणाले.

घरी येऊन ती पानं फाडली. फाडून काय होतंय. आठ जणांनी ऐकलंय.

१५ फेब्रु.

संतोषचा फोन. कानाची तपासणी करून आणली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं थोडं कमी आहे. "म्हंजी खरंच हाय ना ताई. आपण उगा म्हणत नव्हतो." 'आपण' म्हणाला. मला धरून.

आता तिला बाजारात बसवणार नाही. "रस्त्यावर बहिरं माणूस कसं बसवू? उद्या ट्रक आला तर?" तिची जागा मेहुण्याला देतोय, एक तारखेपासून. तीस वर्षं ती त्या कोपऱ्यावर बसलीय. एकदा गेलेली जागा परत मिळत नाही, हे त्यानंच सांगितलं, सहज.

मी म्हणाले, विचार कर. तो म्हणाला, केला.

१६ फेब्रु.

पप्पांना सांगितलं. सगळं. पेपर खाली ठेवला त्यांनी.

"आता सांगून तिचा हात नीट होणार आहे का?"

"हात होईल नीट. कानाचं काय?"

"केस केली तर? कोर्टात जाशील? नोकरीचं बघ आधी, मग सत्य बोल." मग पेपर परत उचलत, "अगं, म्हातारं माणूस कधीतरी घरी बसतंच."

पप्पा स्वतः रिटायर झाले तेव्हा वर्षभर रोज सकाळी बूट घालून बसायचे. आठवण करून दिली नाही. द्यायला हवी होती.

नवी जिन्याखाली उभी. धूळ. चार्ज पण केली नाहीये.

२६ फेब्रु.

प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, पांढरट, दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. सांगायचंच ठरवून गेले होते. सांगितलं नाही.

मावशी दारात खुर्चीवर. उंबऱ्याच्या आत. पहाटे एकटी माल घ्यायला जाणारी बाई, आता समोरच्या दुकानात जायला मनीषाचा हात लागतो. "पाऊल टाकलं की मागून कायतरी येतंय वाटतं. ऐकू तर येणार नाय मला."

मग म्हणाली, "तुमचा तो हार्न कसा वाजतो ओ? एकदा वाजवून दाखवा. वळखीचा झाला म्हंजी पुढच्या बारीला येईल ऐकू."

पुढच्या बारीला.

"आज जुनी आणलीय," मी म्हणाले. "त्या गाडीचा वेगळा आहे."

"मग ती आना."

२८ फेब्रु.

नवी रात्रभर चार्जला होती. सकाळी पुसली. पप्पांनी जिन्यातून बघितलं.

संतोष टेम्पो धूत होता. मनीषा उंबऱ्याशी तांदूळ निवडत. मावशी आत खुर्चीवर. तागडी आणि मापं गोणपाटात बांधून दाराशी ठेवलेली. उद्या मेहुणा नेणार.

मी दारापर्यंत आले तरी कोणाला कळलं नाही. मीच "मावशी" म्हणाले, तेव्हा तिघं दचकली.

"आणली का ती? वाजवा."

वाजवला. एकदाच. टेम्पोखालचं कुत्रं उठून पळालं.

मावशी आधी पुढे वाकली होती. मग सरळ बसली. "हा तर केवढा मोठा हाय. हा कसा नाय आला?"

मनीषानं ताट खाली ठेवलं.

"मावशी, दिलाच नव्हता. एकदा पण नाही. खोटं बोलले मी. कान चांगले आहेत तुमचे, जागा देऊ नका."

पाठ केलेलं याच्यापेक्षा बरंच मोठं होतं. एवढंच आलं. संतोषच्या हातातला पाइप तसाच चालू, पाणी त्याच्या चपलेवर. मावशी माझ्याकडे बघत म्हणाली, "म्हंजी तुम्ही बाई"

मी गाडी वळवली. हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. गल्लीतले लोक भिंतींना टेकले, कोणीतरी शिवी दिली असावी, तोंडावरून वाटलं. कोपऱ्याच्या आधी आरशात बघितलं. मावशी उंबरा ओलांडून रस्त्याच्या मधोमध उभी होती. एकटी. एक हात वर. बोलत होती.

अंगठा काढला नाही.