टेल लाइटची गॅस्केटं

ता. ४ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

बाबांच्या जुन्या गाडीच्या टेल लाइटची नवी गॅस्केटं, म्हणजे काचेखालची रबरं, पाठवली आहेत. दुकानं पालथी घातली तेव्हा कुठे मिळाली! स्क्रू फार आवळू नकोस, काच तडकेल. तुझा हात म्हणजे हातोडाच. दिव्यात पाणी साचलेलं बाबांना खपत नाही. महिनाअखेर येतेच आहे. त्यांना शेजारी बसवून गाडी मीच चालवणार, सांग त्यांना. खोकला कसा आहे?

लोभ आहेच, तो वाढू दे.
ताई

ता. १९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

गॅस्केटं पोचली. बाबांनी मला हात लावू दिला नाही. स्टुलावर बसून, खोकत खोकत स्वतःच बसवली. जुनी रबरं त्यांनी कधीकाळी आईच्या शेकायच्या पिशवीतून कापलेली होती, हे मला तेव्हा कळलं. ती त्यांनी खिशात घातली. मग मला दिव्यांवर बादलीभर पाणी ओतायला लावलं. आत थेंब गेला नाही. केवढे खूश झाले!

मी म्हटलं, चला, एक चक्कर मारू. तर म्हणाले, पहिली चक्कर ताईबरोबर. अंघोळीला धरून नेतो मी, रात्री पाठ चोळतो मी, आणि चक्कर तुझ्याबरोबर. वाईट वाटलं, सांगून टाकतो. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, ताई. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. लगेच नीघ.

तुझा,
धाकटा

ता. २ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

रागावू नकोस रे. रजा मिळाली नाही. पुढच्या महिन्यात नक्की. तोवर गाडी झाकून ठेव, उन्हानं रबर कडक होतं. बाबांना म्हणावं, ताई शब्दाची पक्की आहे.

माया असू दे.
ताई

ता. २६ जुलै

ती. ताईस,

बाबा गेल्याचं कळवलं तेव्हा फोनवर तू नुसती रडत होतीस, म्हणून लिहितो.

शेवटी शेवटी ते रोज गाडीत जाऊन बसायचे, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर. मी स्टिअरिंगला बसायला गेलो की म्हणायचे, ती जागा ताईची. गेले तेही तिथेच. मी घरातून पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

गाडी काल विकली. तुला विचारलं नाही. पुढच्या महिन्यापर्यंत थांब म्हणाली असतीस. गिऱ्हाईक पावसातच घेऊन गेलं. वळणापर्यंत दोन्ही दिवे स्वच्छ लाल दिसत होते. गॅस्केटं चांगली निघाली.

बाबांच्या खिशातली जुनी रबरं सोबत पाठवतोय. माणसाऐवजी रबर पाठवायची रीत आपल्या घरात तूच पाडलीस.

लोभाचं तू बघ.
धाकटा