नेटचा डबा माझ्या खोलीत आहे

गुरुवार, ६ जून

बिघडवली म्हणे! मी! पोरीला!

भिंतीला कान लावायचीही गरज पडली नाही. भिंत कसली, पुठ्ठा आहे. पलीकडे जेवणाच्या टेबलाशी मुलगा, सून आणि नात, समोर लॅपटॉप, आणि लॅपटॉपात एक समुपदेशक बाई. नातीनं आईबापांशी बोलणं टाकलंय, म्हणून हा घरबसल्या उपाय. दर गुरुवारी सहा वाजता. मला बोलावलं नाही. माझ्याबद्दलच बोलायचं तर मी कशाला हवी!

सून म्हणाली, "आमच्या आईंनी फार लाडावून ठेवलंय. सगळं त्यांनाच सांगते."

काचेतली बाई म्हणाली, "मग थोड्या मर्यादा आखू या."

मला न बघता, न विचारता. झाला नियम — संध्याकाळी नातीनं माझ्या खोलीत यायचं नाही. तो एकच तास तर माझा होता. शाळेतल्या बाईंची नक्कल, मैत्रिणींची भांडणं, कुणी कुणाला काय पाठवलं — माझ्या पलंगावर पाय पसरून सगळं सांगायची.

फोनशी बोललं की फोन लिहून घेतो, हेही तिनंच शिकवलं. अक्षर मला येत नाही, तेव्हा यात काय उमटतंय देव जाणे! पण उमटू दे. सूनबाई, बघच आता तू.

सोमवार, १० जून

नात दारावरून जाताना नुसती बोटं हलवते. तुरुंगात भेटायला आल्यासारखी. तेरा वर्षांची आहे, इतकी गोल आणि इतकी चकचकीत की मी तिला बटण म्हणते. आता बटण तुटल्यासारखं दिसतं.

सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. माझीही तिनंच बनवली. बसलीय मात्र झकास! तिच्याच कवळीनं तिच्यावर दातओठ खाते.

गुरुवार, १३ जून

अहाहा!

पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं, खरंच नव्हतं. सर्दी झालेली, वाफ घ्यायची होती. माझ्या पलंगाजवळच्या बोर्डात जागा एकच, तिथे नेटच्या डब्याची वायर. काढली. वाफेचं मशीन लावलं.

त्याच वेळी पलीकडे काचेतली बाई विचारत होती, "ते सगळं राहू द्या. तुम्हाला स्वतःला काय हवंय?" सून लगेच, "आमच्या आई ना—"

आणि गप्प! नेट गेलं!

"हॅलो? मॅडम? दिसतेय का मी?"

मुलगा धावत आला. "आई, वायर कुणी काढली?"

"मी. नाकानं श्वास घ्यायची परवानगी आहे ना अजून?"

डब्यावर हिरवा दिवा परत लागायला बराच वेळ लागतो. वाचता येत नसलं तरी दिवे येतात मला. मुलगा गेला. सून पुन्हा "आमच्या आई" म्हणाली, आणि मला पुन्हा शिंक आली.

गुरुवार, २० जून

आज तीन वेळा. सर्दी केव्हाच बरी झाली.

शनिवार, २२ जून

नेटवाला येऊन गेला. डबा उलटा केला, पालथा केला, जिभेनं च्यक् च्यक् केलं.

"काकू, डब्यात काही दोष नाही. इथे सैल असेल काहीतरी."

"वयाप्रमाणे सगळंच सैल होतं रे बाबा."

नवीन डबा बसवून गेला. बोर्ड तोच!

गुरुवार, २७ जून

जिंकले!

काचेतल्या बाईनं आज सुनेला स्पष्ट सांगितलं, "अवघड विषय आला की तुम्ही दर वेळी निघून जाता, असं माझ्या लक्षात आलंय. नेट हे निमित्त तर नाही?"

मुलाला तेवढंच हवं होतं. "बघ! मी सांगतो तर पटत नाही. आता मॅडमही तेच म्हणतायत!"

मी तोंडात पदर कोंबून हसले. कवळी हातात आली.

फक्त एक खटकलं. सून भांडली नाही. वाण्यानं सुटे पैसे नाहीत म्हटलं तरी भांडणारी बाई! "असेल," एवढंच म्हणाली.

बुधवार, ३ जुलै

फोन दोनदा पलंगावर आपटला. रागानं. म्हातारपणानं नाही.

सून सकाळी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. माझ्याकडे पाठ. म्हणाली, "आई, उद्या सहाला वाफ घ्याल ना?"

"सर्दी गेली माझी."

"गेली तरी घ्या. मी तुमचं नाव काढलं की लगेच. मी जरा मोठ्यानंच काढते, ऐकू यावं म्हणून."

आणि ताटल्या रचून निघून गेली कामावर!

म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्यापासून! मी आपली समजतेय, मी हिची फजिती करतेय — आणि ही मला गड्यासारखी राबवतेय! आता आठवलं, दर वेळी तोच प्रश्न. "तुम्हाला काय हवंय?" झाला प्रश्न की ही "आमच्या आई", आणि मी वायरीशी हजर. प्रश्न चुकवायचा तिला आणि वायर ओढायची मी!

इतकी वर्षं लोकांना बोटावर नाचवलं मी. आणि या बाईनं मला नाचवलं, तेही माझ्याच खोलीत.

ठीक आहे. उद्या वायरीला हात लावणार नाही. दे म्हणावं उत्तर.

गुरुवार, ४ जुलै

नाही लावला हात. मांडीखाली दाबून बसले दोन्ही.

काचेतली बाई म्हणाली, "आज नेट बरं दिसतंय. तर, तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

"आमच्या आई—" थांबली. मग जोरात, "आमच्या आई ना—!"

मी हिरव्या दिव्याकडे बघत होते. मजा येत होती. हो, येत होती.

मग टेबलाकडे खुर्ची सरकली. आणि सून म्हणाली, आवाज अगदी सपाट — "मला यांच्यापासून वेगळं व्हायचंय. वर्ष झालं ठरवून. बहिणीशी फोनवर बोलत होते, ते हिनं ऐकलं. म्हणून ही आमच्याशी बोलत नाही. बापाशी बोलली तर तोंडातून निघेल, माझ्याशी बोलली तर मी विषय काढेन. तेवढ्यासाठी गप्प आहे माझी पोर."

मुलगा "काय?" म्हणाला. परत "काय?" म्हणाला. लहानपणी झोपेतून उठवलं की म्हणायचा तसा.

वर्ष झालं! माझ्या पलंगावर बसून त्या पोरीनं जगातलं सगळं सांगितलं मला. हे एवढं सोडून. आणि मी समजत होते, ती माझ्यापाशी मन मोकळं करते.

काचेतली बाई हळू आवाजात पुष्कळ बोलली. मला ऐकू आलं नाही. भिंत आज जाड झाली होती.

शुक्रवार, ५ जुलै

संध्याकाळी बटण माझ्या खोलीत आली. नियम मोडून. पलंगावर बसली, पाय न पसरता. म्हणाली, "आजी, काल का नाही काढलीस गं वायर?"