दोघींची एक दोरी

ता. ३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझी पत्रं तुझ्यासोबत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नर्सबाई तुला वाचून दाखवतात, म्हणून आधी त्यांना नमस्कार. नर्सबाई, एक ओळही गाळायची नाही. आता एकदा मांजरासारखं ओरडा. ओरडलात? मग पुढे.

बाबांकडून कळलं, ट्रायथलॉनला तुझ्या जोडीला उतरणारी मैत्रीण पाय मोडून बसलीय. न दिसणाऱ्या बाईला डोळस बाईच लागते म्हणे, तीही पोहणारी, सायकल हाणणारी आणि पळणारी. आता अख्ख्या खानदानात अशी कोण आहे? आत्या पळते, पण फक्त पाहुणे आले की. मी दहावीत दोनदा आपटले असेन, पाण्यात एकदाही बुडाले नाही. शिवाय काकांच्या दुकानात दोन सीटची सायकल दुरुस्तीला आलीय. मालक वापरा म्हणाला.

आता ते जिन्याचं. तुझी नजर गेली त्याच वर्षी तू मला पायरी आहे का विचारलंस आणि मी गंमत म्हणून सपाट आहे म्हटलं. तुझा दात पडला. तेव्हापासून दोन वर्षं तू माझा हात धरला नाहीस. माफी मागायला गेले की माझं तोंड वाकडं होतं, म्हणून त्याऐवजी पोहते. चालेल का?

नाही म्हणालीस तर नर्सबाईंना कुत्र्यासारखं ओरडायला लावीन.

तुझी,
भिंगरी

ता. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नर्सबाई खरंच ओरडल्या. शेजारचे दूध देऊ का विचारायला आले. हे पत्र मी स्वतः टाईप करतेय. चुका सापडल्या तर तुझी शाळेतली वही आठव आणि गप्प बस.

दाताचं काही नाही गं, नवा बसवला. पण अजूनही कोणी सपाट आहे म्हटलं की मी आधी पायाने चाचपते, मगच पाऊल टाकते. पोहताना आपल्या मांड्या एका दोरीने बांधणार, पळताना मनगटं. सायकलवर तू पुढे, मी मागे, ब्रेक तुझ्या हातात. म्हणजे पावणेतीन तास मी तुझ्या शब्दावर जगायचं. मला जमेल की नाही, खरंच ठाऊक नाही. तरी ये.

अट एकच. खड्डा असेल तर खड्डा म्हणायचं, चढ असेल तर चढ. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलायचं नाही. पावणेतीन तासांच्या आत पोचलो तर पदक मिळतं, आणि मला त्याची फार हाव आहे.

बाबांना जप, स्वतःला त्याहून जप.

तुझी,
ताई

ता. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अट कबूल. रविवारी दिवसभर डोळ्यांवर टॉवेल बांधून दुकानात काम केलं. काकांनी पाना मागितला, मी त्यांच्याच हातात त्यांचा चष्मा दिला. दुपारी बाबा हात धरून बाजारात घेऊन गेले. मध्येच फोन आला म्हणून त्यांनी हात सोडला. अर्धं मिनिट असेल. ताई, तेवढ्यात माझे पाय रस्त्याला चिकटले. मी बाबांना हाका मारत सुटले आणि लोक हसले. जिन्यावर मी काय केलं होतं ते तेव्हा कळलं.

आता रोज बाबांना मागच्या सीटवर डोळे मिटून बसवते आणि वाटेतलं सगळं ओरडून सांगते. काल सांगितलं, समोर माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका आहेत, नमस्कार करा. बाबांनी कमरेत वाकून केला. समोर कचराकुंडी होती. ही शेवटची, आईशप्पथ. तुझ्याशी असलं काही नाही.

नर्सबाईंना दुधासकट नमस्कार.

तुझी,
भिंगरी

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र पाय उशीवर ठेवून लिहितेय. प्लॅस्टर घातलंय.

शर्यतीत पाण्यात मी ओरडून ओरडून निम्मा तलाव प्यायले, तरी तुला एकदाही काठाला धडकू दिलं नाही. उतारावर सायकल सुटली तर तू मागे गाणं म्हणत होतीस, इतकं बेसूर की हँडल हललं. इथवर एक शब्द खोटा नाही.

मग पळताना, शेवटचे दोन किलोमीटर राहिले होते. डावीकडे खड्डा आहे असं तुला सांगितलं, तुला वाचवलं आणि स्वतःच त्यात गेले. तू विचारलंस काय झालं. मी म्हटलं, बुटाची नाडी सुटली होती. ते खोटं. घोट्याच्या हाडाला चीर आहे.

मी तशीच दामटणार होते, पण तेवढ्यात तूच दमलीस, चालत जाऊ म्हणालीस. मी तुला म्हातारी म्हटलं. चार मिनिटं उशीर झाला, पदक गेलं. ताई दमली म्हणून गेलं, असं मी गावभर सांगितलं. आता बसल्या जागी लाज वाटते. तुझी एकच अट होती, तीही मोडली. आता माझा हात धरणार नाहीस, ते बरोबरच आहे.

रागावलीस तरी लिही.

तुझी,
भिंगरी

ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गाढवे, मी दमले नव्हते. आणखी पाच किलोमीटर पळाले असते.

तू नाडीचं म्हणालीस आणि लगेच दोरी वेगळं सांगायला लागली. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. पुन्हा एक पूर्ण, एक अर्धं. तुला थांब म्हटलं असतं तर तू ऐकलं नसतंस, माझ्या पदकासाठी रांगत गेली असतीस. म्हणून मग मी दमले. तेव्हा अट मीही मोडली. तू गावभर सांगितलंस तेच राहू दे, बाबांनाही खरं सांगू नकोस.

पदकाचं वाईट वाटलं. चांगलं दोन दिवस वाटलं. म्हातारी म्हटल्याचं अजून वाटतंय.

शनिवारी दुपारच्या गाडीने घरी येतेय. न्यायला फक्त तू ये. उतरल्यावर मी माझी घडीची पांढरी काठी उघडणार नाही, ती बॅगेतच राहील. तू सावकाश ये, लंगडत ये. उशीर झाला तर होऊ दे, मी गाडीच्या दाराशी उभी असेन.

प्रेम आहेच, ते वेगळं लिहीत नाही.

तुझी,
ताई