गाईचा पान्हा आणि पूर्वपक्ष

मंगळवार, नांदेड

डोकं अजून सुन्न हाय. आठवडाभर मी सगळ्यांना ठासून सांगत राहिलो की वेदान्ताच्या भाष्यातच लिहिलंय, जग चालवणारा कुणी न्हाई. गाईचं दूध वासरासाठी आपोआप पाझरतं, तसंच जगाचं. मला लई पटलं. म्हटलं, झालं शिकून, उद्या गावाला, देवणीला घरी.

भाष्य शिकवणाऱ्या गुरुजींचा निरोप घ्यायला गेलो, त्यांनाबी हेच सांगितलं, तर गुरुजी खो खो हसले. "अरे बाबा, तो पूर्वपक्ष! आधी विरोधकाचं म्हणणं पुरतं मांडायचं, मग खोडायचं, ही भाष्याची रीतच आहे. पान तर उलट!"

उलटलं. उत्तर होतं, गाय जिवंत आहे, तिला माया आहे, म्हणून दूध पाझरतं.

हादरलोच. हे तर मला ठाऊक होतं की! आमच्या गाईचं वासरू मेलं तेव्हा तिनं पान्हाच सोडला नव्हता. मग बानं त्याच्या कातड्यात पेंढा भरून पुढं ठेवलं. ते चाटत तिनं दूध दिलं.

"मग गुरुजी, पेंढ्यावरबी माया बसते. त्या मायेचं काय?"

गुरुजी हसायचे थांबले. "असा पूर्वपक्ष माझ्यापुढे कुणी मांडला नव्हता. उद्या जाऊ नकोस."

न्हाई जात. पण ती गाय खरंच फसली होती, का सगळं कळून चाटत होती?