विसर्जन केलेलं प्लास्टिकचं कासव

२६ ऑगस्ट, सोमवार
कासवाची पाठ पूर्ण झाली. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटं. सगळं आमच्या बीरगावच्या नालीतून उपसलेलं, धुतलेलं, तारेच्या सांगाड्यावर सुईनं शिवलेलं. नऊ पोती. वस्तीतल्या, आमच्या पाऱ्यातल्या पंधरा बाया महिनाभर बसल्या.
त्यातली दुलारी विचारते, "दीदी, समुंदर त इहाँ नइ हे, त कछुआ काबर?"
सांगितलं, आपली नाली खारूनला, खारून शिवनाथला, शिवनाथ महानदीला, तिथून समुद्र. तिथलं कासव असली पन्नी, प्लास्टिक खाऊन मरतं. वाचनालयातल्या मासिकात वाचलं. समुद्र मीही पाहिलेला नाही. पुरीला नेतो म्हणायचे हे. यांच्या अस्थी राजिमला महानदीत सोडल्या. म्हणजे हे पोचले असतील, मी राहिले.
"हव," म्हणाली आणि शिवत राहिली.

२ सप्टें., सोमवार
गणपती बसले. मांडवात मूर्तीच्या डावीकडे कासव. पाटी माझी, हिंदीत आणि मराठीत: 'याला काय खाऊ घालता?' मंडळाचे अध्यक्ष बंडूभाऊ म्हणाले, मंडळाचं नाव पाटीवर मोठं पाहिजे. असू दे. दहा दिवसांनी कासव शाळेच्या व्हरांड्यात जाणार, बाईंनी जागा दिली आहे.

३ सप्टें.
आरतीनंतर शेजारच्या शोभानं कासवाला हळदकुंकू वाहिलं. वर नारळ. म्हटलं, हा कचरा आहे, पाहायला ठेवलाय, पुजायला नाही.
"कूर्मावतार आहे काकू. गणपतीशेजारी तसंच कसं ठेवायचं? तुम्ही नका लावू, आम्ही लावतो."
प्रेमानंच बोलली. यांना जाऊन चार वर्षं झाली, तरी दर वेळी नव्यानं लागतं. आणि कासव सुईनं शिवताना माझा हात चालला.

८ सप्टें., रविवार
लोक हात जोडतात, पुढे जातात. पाटी कोणी वाचत नाही. आज एकानं नमस्कार केला, पुडी फाडून तोंडात टाकली आणि रिकामी पुडी कासवाच्या पायाशी. मी म्हटलं, उचला. "डस्टबिन कहाँ है माताजी?" मीच उचलली.

१३ सप्टें., शुक्रवार
काल विसर्जन. गुडघ्यामुळे गेले नाही. सकाळी हातगाडी घेऊन कासव न्यायला गेले तर मांडव रिकामा.
बंडूभाऊ: "पुजलेली वस्तू ठेवता येत नाही ना काकू. मूर्ती कुंडात टाकली, तिथं पोलीस उभे होते. कासव पुलावरून नदीत सोडलं. कासवच आहे, त्याले पाण्यातच बरं." खुर्च्या उचलणारे हसले.
नऊ पोती पन्नी नालीतून काढली, धुतली आणि या लोकांनी ढोल वाजवत नदीत सोडली. गुलाल उधळून.
"भावनेनं केलं. तुम्ही काहून एवढ्या चिडून राहिल्या?"
दुलारीही म्हणे, जानबूझ के नइ करिन दीदी. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. शहराची राजधानी झाली, पूल झाले, मोठाले रस्ते झाले. डोकं आहे तिथंच.

१५ सप्टें., रविवार
दुलारीच्या नवऱ्याला कासव दिसलं. पुलाखालच्या एनीकटला, त्या बुटक्या बंधाऱ्याला अडकलंय. दुलारीला घेऊन ऑटोनं गेले. उलटं पडलंय. एक पाय गेला, म्हणजे अर्धं पोतं पन्नी पुढे गेली. बाकी लोखंडी दरवाज्याला धरून आहे.
तिथला माणूस म्हणाला, "ऊपर पानी बढ़ रहा है माताजी। कल नौ बजे गेट खोलेंगे।"
भिजून जड झालंय. दोघींनी हलत नाही, निदान पाच-सहा जणं हवीत.
परत येऊन बंडूभाऊंकडे. "विसर्जन केलेलं परत काढतात का कुठं?" तिथं बसलेली शोभा म्हणे अपशकुन होतो.
म्हटलं, अपशकुन व्हायचा तो माझा होऊन गेला. मी धरते पुढून, तुम्ही मागून ओढा.


१६ सप्टें., सोमवार, सकाळी सात
ऑटोत बसून लिहिते आहे. दुलारी दोर घेऊन आली, तिचा नवरा परस्पर एनीकटला गेला. पाच दारं वाजवली. दोन घरी ड्यूटी. एका घरी "आते हैं आंटी", आले नाहीत. बंडूभाऊ आंघोळीला बसलेत, अर्धा तास झाला.
शोभानं दार उघडलं. "कोण कोण आहे?"
"तू धरून चौघं."
ऐकून आत गेली. चप्पल घालायला गेली की काय, कळलं नाही. दार अर्धं उघडं आहे.
ऑटोवाला विचारतो, और कितना रुकना है? म्हटलं, थांब जरा.