काड्या माझ्याकडे आहेत

प्रिय विर्वे,

काड्यांऐवजी कागद हाती आला म्हणून वैतागली असशील. खुशाल वैताग, पण भट्टी पेटवू नकोस. बाहेरून आलीस की कोटही न काढता आधी काडी ओढतेस, ही सवय मला तुझ्या एकोणिसाव्या वर्षापासून ठाऊक आहे. म्हणून पत्र टेबलावर न ठेवता काडेपेटीत कोंबलं. फोनही केला होता. तो तुझ्याच स्वयंपाकघरात वाजला.

आज सकाळी दुकानात तुझी शेजारीण साल्मे भेटली. पाव घेता घेता म्हणाली, "एंडेल, विर्वेची मजा आहे बाबा. यंदा खाली भट्टी पेटवली की तिच्या वरच्या खोलीची भिंत अशी तापते, की पाठ टेकून झोपावं. तार्तूहून नातीला आणायला गेलीय, तिची गादीपण तिथेच घातलीय." ती हसत होती आणि माझी पाचावर धारण बसली. चाळीस वर्षं लोकांची धुराडी झाडतोय मी. अशी भिंत उगाच तापत नसते. साल्मेकडून तुझी किल्ली घेतली आणि तसाच आलो.

आधी अंगणातून, काजळी काढायचं झाकण उघडून आत आरसा धरला. आरशात आभाळ स्वच्छ दिसलं, म्हणजे आतली वाट मोकळी. मागच्या पानगळीतही दिसलं होतं. मग माळ्यावर चढलो. धुराड्याला बोट जाईल एवढी चीर आहे, तिच्यातून डांबरासारखे ओघळ आलेत, जुने, वाळलेले. शेजारची तुळई काळी पडलीय. चाकू टोचला तर दोन पेरं आत गेला. त्या तुळईच्या बरोबर खाली तुझा पलंग, आणि पलंगाशेजारी ती छोटी गादी, वर लोकरीचा ससा. खाली येऊन त्या गादीवर टेकलो आणि तिथेच हे पत्र लिहायला घेतलं.

आता खरं सांगतो. मागच्या पानगळीत मी माळ्यावर चढलोच नव्हतो. दाखल्यावर मात्र सगळं पाहिल्याची सही केली. ती चीर तेव्हाही असणार. एक अख्खा हिवाळा तू माझ्या सहीवर विश्वासून तिच्याखाली झोपलीस. सोमवारी अग्निशमन कचेरीत जाऊन हे माझ्या तोंडाने सांगणार आहे. परवाना जाईल. जाऊ दे, जायलाच हवा.

तुला मागणी घालायला आलो होतो, तेव्हा तुझे वडील मला अंगणातूनच म्हणाले होते, "पोरगी द्यायची तर धुतल्या हातांच्या माणसाला देईन. तुझ्या घरात पांढरं काय राहणार?" तू काल्यूशी लग्न केलंस. माणूस चांगला होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो होता तोवर तुमच्या धुराड्यावर मी नेहमी दुसऱ्या कुणाला तरी पाठवत आलो. तो गेल्यावर पहिल्यांदा आलो तो मागच्या पानगळीत.

छपरावरून उतरलो तेव्हा तू शिडीपाशी उभी होतीस. आम्हा धुराडी झाडणाऱ्यांच्या कोटाचं बटण धरलं की नशीब उघडतं म्हणून सगळेच धरतात, अगदी पोस्टमनसुद्धा. तूही धरलंस आणि म्हणालीस, "एकोणिसाव्या वर्षी धरलं होतं, तेव्हा अर्धंच दिलंस रे एंडेल, आता तरी पुरं दे." आत कॉफीचा वास सुटला होता. माळ्याची वाट तुझ्या खोलीतून जाते. त्या घरात एकदा शिरलो तर पाय निघणार नाही, एवढ्या एका भीतीपोटी मी सही ठोकली आणि पळालो.

आज नातीला घेऊन साल्मेकडे झोप. तिचा माळा मी स्वतः चढून पाहिलाय. गवंडी उद्या सकाळी येईल. पेटीच्या तळाशी ते बटण आहे, कोटावरून कापलंय. काड्या माझ्या खिशात आहेत. धुराडं नीट झालं की आणून देईन. तेव्हा दारातून हाकलायचं की कॉफी द्यायची, ते तू ठरव.

तुझाच,
एंडेल