न कापलेला अकीक

४ सप्टेंबर

आज सूनबाईने फोन हातातून काढूनच घेतला! अंगठीच्या हिरव्या खड्याचा फोटो साइटवर टाकत होतो. कडेला केसाएवढी भेग, म्हणून तिच्याकडे बोट दाखवून फोटो काढला. "बाबा, खडा विकताय की त्याची तक्रार करताय?" म्हटलं, अगं, घेणारा लांब बसलाय. त्याला हात लावून बघता येत नाही.

संध्याकाळच्या आत गेला की! भेगेसकट.

९ सप्टेंबर

खोकं आलं. एका बाईंनी जाहिरात टाकली होती — यजमान वारले, त्यांचे दगड घरात जागा अडवतात, खोक्याच्या हिशेबाने देणे आहे. मी आधी एकच मागवलं. बरं निघालं तर उरलेली सगळी घ्यायची, असा बेत. तेवढ्या मालावर दोन वर्षं निघाली असती माझी.

वरचे दगड बेताचे. तळाशी मात्र दोन मुठींएवढा एक, बटाट्यासारखा ओबडधोबड. सवयीने चाटून बघितला — ओला झाला की दगड रंग सांगतो. ही किंचाळली, "अहो, धुतलाय तरी का तो!"

अकीक! आणि एका कोपऱ्याला कोणीतरी घासून 'खिडकी' केलेली, अंगठ्याएवढी. उजेडाला धरला तर आत केशरी पट्टे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक. अख्ख्या खोक्याचं मोल या एकाच्या पासंगालाही पुरणार नाही. बाईंना याचा पत्ताच नाही.

१० सप्टेंबर

दगड करवतीला लावला, पण बटण दाबवेना.

ही म्हणते, "तुमच्या धंद्याचा कायदाच आहे ना, कापला की घेणाऱ्याचा? आत माती निघाली असती तर बाईंनी पैसे परत दिले असते?"

नसते दिले, आणि मी मागितलेही नसते. पण तो कायदा झाकल्या मुठीचा. मी तर मूठ उघडून बघून बसलोय!

ही चिडली, "मग सांगा त्यांना. आणि सोडा पाणी उरलेल्या खोक्यांवर. किंमत कळल्यावर त्या कशाला देतील स्वस्तात!"

तेच तर दुखतंय.

११ सप्टेंबर

कळवलं बाईंना. सगळं. खिडकीचा फोटोही पाठवला.

१४ सप्टेंबर

उत्तर नाही. उरलेल्या खोक्यांची जाहिरात मात्र साइटवरून गायब. दुसऱ्या कोणाला दिली असणार. असो. आपल्या तोंडचं गेलं, पण जेवण गोड लागलं. हिने न मागता पुन्हा वाढलं — म्हणजे हिचा राग उतरला.

१५ सप्टेंबर

बाईंचा फोन! आवाज खणखणीत. "दादा, खरं सांगते, मला वाटलं यात काहीतरी डाव आहे. 'तुम्ही स्वस्तात दिलंत' असं दगडवाला कधी सांगतो का? म्हणून आधी जाहिरात काढली, मग चार दिवस विचार केला."

ठरलं — त्या दगडातून जे निघेल ते निम्मं निम्मं. आणि कापायचा त्यांच्यासमोर. "यांनी जन्मभर दगड घासले, मी जन्मभर त्यांची धूळ झाडली. आत असतं तरी काय, ते एकदा बघू दे!"

उरलेल्या खोक्यांचं विचारायला जीभ रेटली नाही. हावरा म्हणायच्या!

१९ सप्टेंबर

बाई आल्या. चहा झाला. करवत लावली. निम्म्यावर गेली नि — खट्! दगड आपसूक दोन झाला. आरपार भेग, आत मातकट भुगा. केशरी पट्टे फक्त खिडकीपुरते! त्यातून एक खडा निघणार नाही. मला मान वर करवेना. बाईंनी वाकून आत बघितलं नि पोट धरून हसल्या. एक फोड पदराने पुसून पिशवीत टाकली. "निम्मं निम्मं ठरलंय ना?" दारातून वळून म्हणाल्या, "आणि उरलेली खोकी? टेम्पो तुम्ही आणताय की मी सांगू?"